पाठीतले पाणी आणि मेंदूचा एक दुर्मीळ आजार



सातारा-सांगली भागात रुग्णालयातल्या डॉक्टरांनी "पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासावे लागेल" असे सांगितले की निम्मे घर रडायला लागते. कोणीतरी वडीलधारे माणूस ठासून सांगते, "पाठीतले पाणी काढले की माणूस कायमचा लुळा पडतो." मग काही नातेवाईक स्वतःच्या जबाबदारीवर सही करून रुग्णाला घरी नेतात आणि तिथून पुढे देवरुषाची वाट धरतात. आजच्या लेखात आपण ही तपासणी समजून घेऊ. मेंदूचा एक अत्यंत दुर्मीळ आजार असा आहे की ज्याच्या निदानात या पाण्याला गेल्या तीस वर्षांत फार महत्त्व आले आहे. त्या आजाराच्या निमित्ताने ही माहिती घेतली, तर ती इतर अनेक आजारांतही आपल्या उपयोगी पडेल.

आजार कसा दिसतो?

समजा, एखाद्या गावात साठीच्या पुढचे एक गृहस्थ आहेत. काल-परवापर्यंत उसाच्या बिलाचा हिशोब तोंडपाठ असणारा हा माणूस एकाएकी घरची वाट विसरू लागतो. पंधरा दिवसांत चालताना झोक जाऊ लागतो. नजर धूसर होते. पुढे हातापायांना झटके बसू लागतात, भांडे पडल्याच्या आवाजानेही अंग दचकून उडते. दोन-तीन महिन्यांत बोलणे थांबते, माणसे ओळखू येत नाहीत आणि अंथरूण धरले जाते. म्हातारपणीचा नेहमीचा विसराळूपणा वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. इथे मात्र सारे आठवड्यांच्या हिशोबात घडते. हीच या आजाराची मोठी खूण होय.

या आजाराला क्रुट्झफेल्ट-जेकब आजार, थोडक्यात सीजेडी म्हणतात. १९२० आणि १९२१ मध्ये दोन जर्मन डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले, त्यांचीच नावे त्याला मिळाली. जगभरात दर दहा लाख लोकांमागे वर्षाला एक ते दोन जणांना तो होतो. २०११ च्या जनगणनेनुसार सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांची मिळून लोकसंख्या सुमारे ५८ लाख होती. जगाचा हिशोब इथे लावला तर या दोन जिल्ह्यांत मिळून वर्षाला पाच-दहा कुटुंबांवर हा प्रसंग येत असला पाहिजे. परंतु आपल्याकडे नोंद फार थोड्यांची होते. बाकीचे "वारे गेले", "बाहेरची बाधा झाली" अशा नावांखाली निघून जातात. भारतात हा आजार नाही असे मात्र कोणी समजू नये. बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेतील डॉ. सतीशचंद्र व डॉ. शंकर यांनी १९७१ ते १९९० या काळातील भारतातील रुग्णांचा आढावा १९९१ मध्ये प्रसिद्ध केला होता.

विरजणाचे उदाहरण

हा आजार जंतूमुळे होत नाही, विषाणूमुळेही होत नाही. आपल्या मेंदूत एक प्रथिन जन्मापासून असते. त्याची घडी नीट असते तोवर काही बिघडत नाही. पण क्वचित त्यातील एखाद्या कणाची घडी चुकते, आणि तो चुकलेला कण शेजारच्या चांगल्या कणांनाही आपल्यासारखेच करतो. आपल्या भगिनींना हे लगेच समजेल. पातेलेभर दुधात चमचाभर विरजण घातले की सगळ्या दुधाचे दही होते, तसाच हा प्रकार आहे. या बिघडलेल्या प्रथिनाला अमेरिकेतील शास्त्रज्ञ स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये 'प्रायॉन' हे नाव दिले. केवळ प्रथिनामुळे आजार होतो हे अनेक वर्षे कोणी मानायला तयार नव्हते. पुढे पुरावे जमत गेले आणि १९९७ मध्ये प्रुसिनर यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

शंभर रुग्णांपैकी साधारण ८५ जणांत ही घडी आपोआपच चुकते, त्यात कोणाचा दोष नसतो. दहा ते पंधरा जणांत कारण आनुवंशिक असते. बाहेरून लागण होण्याचे प्रमाण शंभरात एकापेक्षाही कमी आहे.

पाणी कसे काढतात?

आपला मेंदू आणि पाठीचा कणा यांच्याभोवती पाण्यासारखा स्वच्छ द्रव असतो. मोठ्या माणसात तो एका वेळी सुमारे १५० मिलिलिटर असतो आणि शरीर दिवसभरात जवळजवळ अर्धा लिटर नवा द्रव तयार करते. तपासणीसाठी दहा-पंधरा मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन चमचे काढतात. ते तासाभरात भरून निघते.

रुग्णाला कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. कमरेजवळची जागा इंजेक्शनने बधिर करतात आणि दोन मणक्यांच्या मधून बारीक सुई घालतात. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. सुई त्याच्याही खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यामधून जाते. तिथे मज्जातंतूंचे सुटे धागे पाण्यात लोंबत असतात व सुई लागताच बाजूला सरकतात. म्हणून या तपासणीने माणूस लुळा पडण्याची भीती निराधार आहे. जर्मनीतील डॉ. हाइनरिश क्विंके यांनी १८९१ मध्ये ही पद्धत सुरू केली. तेव्हापासून जगभर ती वापरात आहे.

मग लुळे पडल्याच्या गोष्टी कुठून येतात? ज्या आजारासाठी पाणी काढले, तो आजारच माणसाला लुळा करत असतो. पाणी सोमवारी काढले आणि पाय गुरुवारी गेले की दोष सुईच्या माथी येतो. तपासणीनंतर काही जणांचे डोके दुखते, ते विश्रांतीने बहुधा काही दिवसांत थांबते. मात्र रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती डॉक्टरांना आधी सांगितलीच पाहिजे. मेंदूतील दाब वाढल्याची शंका असेल तर आधी सीटी स्कॅन किंवा एमआरआय करतात. या गोष्टी विचारण्याचा नातेवाइकांना पूर्ण हक्क आहे.

पाण्यात काय शोधतात?

पहिल्यांदा नेहमीच्या गोष्टी पाहतात. पेशी किती, साखर किती, प्रथिने किती, क्षयाचे किंवा दुसरे जंतू आहेत काय. सीजेडीमध्ये हे सारे बहुधा ठीकच निघते आणि तीही एक खूण ठरते.

त्यानंतर विशेष तपासण्या येतात. १९९६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले की सीजेडीच्या रुग्णांच्या पाठीतील पाण्यात '१४-३-३' नावाचे प्रथिन सापडते. मेंदूच्या पेशी भराभर मरू लागल्या की त्यांच्यातील हे प्रथिन बाहेर झिरपते. 'टाऊ' नावाचे दुसरे प्रथिनही असेच फार वाढते. परंतु या दोन्ही खुणा धुरासारख्या आहेत. धूर दिसला की काहीतरी जळते आहे एवढे कळते, काय जळते आहे ते कळत नाही. अर्धांगवायूचा झटका, मेंदूचा दाह किंवा फिट येऊन गेल्यावरही '१४-३-३' सापडू शकते. म्हणून केवळ त्या एका कागदावरून कोणाच्याही माथी हा आजार मारू नये.

खरी प्रगती झाली ती 'आरटी-क्विक' या तपासणीमुळे. २०११ मध्ये पाठीतील पाण्यावर तिचा उपयोग सिद्ध झाला. तिची युक्ती पुन्हा विरजणाचीच आहे. प्रयोगशाळेत चांगल्या घडीचे प्रथिन तयार करून लहान लहान वाट्यांत ठेवतात, म्हणजे हे झाले ताजे दूध. त्यात रुग्णाच्या पाठीतील पाण्याचा थेंब टाकतात. वाट्या ऊबेत ठेवून मधून मधून हलवतात. त्या थेंबात बिघडलेले प्रथिन असेल, तर सगळ्या वाटीचे 'दही' होते. सोबत घातलेला रंग त्यामुळे चमकू लागतो आणि यंत्र त्या चमकेची नोंद करते. पूर्वी यास चार दिवसांपर्यंत वेळ लागे. सुधारलेल्या पद्धतीत एक-दोन दिवसांत उत्तर मिळते. आजार असलेल्या शंभरांपैकी नव्वदहून अधिक जणांत ही तपासणी तो दाखवते, आणि आजार नसताना आहे असे सांगण्याची चूक तिच्याकडून फारच क्वचित होते.

तरीही निकाल 'नाही' आला म्हणून आजार नाहीच असे शंभर टक्के म्हणता येत नाही. पाण्यात रक्त मिसळले असेल तरीही निकाल चुकू शकतो. म्हणून डॉक्टर एमआरआय, ईईजी आणि रुग्णाची लक्षणे असे सारे एकत्र पाहतात. ही तपासणी प्रत्येक शहरात होत नाही. नमुना योग्य थंडीत सांभाळून मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो. तो कुठे पाठवायचा हे न्यूरॉलॉजिस्टना विचारावे.

उपाय नाही, तर तपासणी कशाला?

हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. सीजेडी बरा करणारे औषध अजून सापडलेले नाही. बहुतेक रुग्ण वर्षाच्या आत जातात, पुष्कळसे तर चार-सहा महिन्यांतच. मग पैसा आणि त्रास कशासाठी?

याचे उत्तर अमेरिकेतील एका अभ्यासात आहे. सीजेडीसारखा आजार असावा अशा संशयाने मृत्यूनंतर तपासलेल्या १,१०६ मेंदूंचा अहवाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील ३५२ जणांना, म्हणजे जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याला, हा आजार नव्हताच. आणि त्यातील ७१ जणांना जो आजार होता, त्यावर उपचार करता येण्यासारखे होते. ही ७१ माणसे कदाचित वाचली असती.

आपल्या भागात तर ही गोष्ट अधिकच लक्षात ठेवली पाहिजे. क्षयामुळे होणारा मेंदूज्वर, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा बिघाड, डोक्याला मार लागून आत साठलेले रक्त, आणि शरीराच्या संरक्षक शक्तीने स्वतःच्याच मेंदूवर केलेला हल्ला, हे सारे आजार काही काळ सीजेडीसारखे दिसू शकतात. त्यांतील पुष्कळांवर औषध आहे, पण ते वेळेत मिळाले पाहिजे. पाठीतील पाणी आणि रक्ताच्या तपासण्या यांमुळे त्यांतील अनेक ओळखता येतात. मिरजेत १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी रुग्णालय उभारल्यापासून दूरदूरची माणसे उपचारासाठी तिथे येत आली. पुढे तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही झाले. जत, आटपाडी, माण, खटाव अशा दुष्काळी तालुक्यांतून पदरमोड करून माणूस एवढ्या लांब आणायचा आणि सुईच्या भीतीने तपासणी न करताच परत न्यायचा, हे आपल्याला परवडणारे नाही.

करणी कोणी केली नाही

प्रायॉनच्या इतिहासात एक प्रसंग आपल्या लोकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पापुआ न्यू गिनी देशातील फोरे नावाच्या आदिवासींमध्ये 'कुरू' हा असाच आजार पसरला होता. विशेषतः बायका आणि मुले अंग थरथरून मरत. फोरे लोकांची पक्की समजूत होती की हा चेटूक करणाऱ्यांचा उद्योग आहे, आणि त्या संशयावरून माणसे मारलीही जात. १९५७ पासून डॉक्टरांनी आणि पुढे मानववंश अभ्यासकांनी तिथे राहून शोध घेतला. मृत नातलगांचे शरीर खाण्याची त्यांची एक अंत्यविधीची प्रथा होती, तिच्यातून आजार पसरत होता. प्रथा थांबली आणि आजार हळूहळू नाहीसा झाला. चेटूक करणारा कोणी नव्हताच.

आपल्याकडे चांगला धडधाकट माणूस दोन महिन्यांत वेड्यासारखा होऊन गेला की भावकीतल्या एखाद्या विधवेकडे किंवा शेताच्या बांधावरून वाद असलेल्या शेजाऱ्याकडे बोट दाखवले जाते. साताऱ्यात जन्मलेल्या आणि मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अशा समजुतींविरुद्ध आयुष्य वेचले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. एखाद्यावर करणीचा आळ घेऊन त्याचे जगणे मुश्कील करणे हा आता गुन्हा आहे. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आपल्याला ज्या धम्माची वाट दिली, त्यात कारणाशिवाय कार्य नाही. पाठीतल्या पाण्याचा एक कागद हे कारण समोर ठेवतो. त्या कागदाने रुग्ण बरा होत नसेल, पण एक निरपराध बाई आळातून सुटू शकते आणि एका घरातले भाऊ-भाऊ शत्रू होण्यापासून वाचू शकतात.

शिवाशिव नको

नाव कळले की दुसरा धोका उभा राहतो. 'मेंदूचा संसर्गजन्य आजार' असे अर्धवट ऐकून शेजारी येणे बंद करतात, पाणी प्यायला कचरतात, मयतालाही लांब उभे राहतात. म्हणून हे स्पष्ट लिहितो. हा आजार स्पर्शाने, श्वासाने, लाळेने, एका ताटात जेवल्याने किंवा एका अंथरुणावर झोपल्याने पसरत नाही. रुग्णाला आंघोळ घालावी, भरवावे, जवळ घ्यावे. निधनानंतर नेहमीसारखे अंत्यदर्शन घ्यावे, त्रिशरण-पंचशील म्हणून अंत्यविधी करावा. काळजी घ्यायची ती मेंदू व मज्जारज्जूच्या शस्त्रक्रियेतील हत्यारांची, कारण नेहमीच्या उकळण्याने प्रायॉन मरत नाहीत. म्हणून कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी निदान सांगावे. अशा रुग्णाचे रक्तदान, नेत्रदान करू नये.

आणखी एक टोमणा आपल्या समाजाला ऐकावा लागू शकतो. "मोठ्याचे मटण खाल्ल्याने झाले असेल." इंग्लंडमध्ये गाईंना झालेल्या रोगातून माणसांना एक वेगळा प्रकार झाला हे १९९६ मध्ये उघड झाले आणि तिथे १७८ माणसे दगावली, हे खरे आहे. परंतु तो प्रकार भारतात आढळल्याची नोंद नाही. आपल्याकडे दिसणारा नेहमीचा सीजेडी खाण्यापिण्यावर अवलंबून नाही, जन्मभर शाकाहारी असलेल्यांनाही तो होतो. आजाराच्या आडून कोणी आपल्या ताटावर बोलत असेल तर त्याला शांतपणे ही माहिती द्यावी.

१९०१ साली लहानगा भीमराव भाऊ व भाच्यांबरोबर साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघाला आणि मसूर स्टेशनवर उतरला. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनीच बैलगाडी हाकली आणि रात्रभर त्यांना प्यायला पाणी मिळाले नाही. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत बाबासाहेबांनी हे लिहून ठेवले आहे. आपल्याच जिल्ह्यातील हा प्रसंग ज्यांच्या काळजात कोरलेला आहे, त्यांनी तरी आजारी माणसाच्या घराला शिवाशिवीचा अनुभव देऊ नये. भगवान बुद्धांनी स्वतःच्या मलमूत्रात पडलेल्या, सगळ्यांनी टाकलेल्या आजारी भिक्खूला आनंदाच्या मदतीने स्वतःच्या हातांनी धुतले होते. आपल्यासमोर आदर्श आहे तो हा.

आशेची एक वाट

अमेरिकेत सोनिया वल्लभ नावाची भारतीय वंशाची तरुणी वकील होती. तिची आई २०१० मध्ये आनुवंशिक प्रायॉन आजाराने गेली. २०११ मध्ये तपासणीत कळले की तोच दोष तिच्यातही आहे. तिने वकिली सोडली आणि पती एरिक मिनिकेल यांच्यासह ती शास्त्रज्ञ झाली. मूळ प्रथिनच कमी करायचे, म्हणजे दूधच कमी केले तर दही कशाचे होणार, या विचारावर ती दोघे काम करतात. औषधाने प्रथिन खरोखर कमी झाले की नाही हे पाठीतील पाण्यातूनच मोजता येते. या विचारावर आधारलेल्या एका औषधाची माणसांवरील पहिली चाचणी २०२४ च्या सुमारास सुरू झाली. यश येईल की नाही ते काळ सांगेल.

तोवर आपण एवढे करू या. विस्मरण आठवड्या-आठवड्याने वाढत असेल, सोबत तोल जात असेल किंवा झटके येत असतील, तर वाट न पाहता न्यूरॉलॉजिस्टकडे जावे. घरात पूर्वी कोणी असेच गेले असेल तर ते सांगावे. खर्चाची अडचण असल्यास सरकारी रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. निदान पक्के झाले तर रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे, बसवून मऊ भात किंवा घट्ट पेज थोडी थोडी भरवावी, जबरदस्ती करू नये. झटके कमी करणारी औषधे मिळतात, ती डॉक्टरांकडून मागून घ्यावीत. एकट्या सुनेवर किंवा बायकोवर सारा भार टाकू नये, विहारातील तरुणांनी रात्रीच्या पाळ्या वाटून घ्याव्यात.

जय भीम.